प्रोग्रेसिव्ह प्रेसवर आल्यापासून पावडर कमी-जास्त, प्रायमर उंच, लांबी बदलती: मूळ कुठे शोधायचे

घरी काडतुसे भरताना सिंगल-स्टेज प्रेसवर याच डाय (प्रेसमध्ये बसवायचे साचे), हीच पावडर आणि याच बुलेट वापरून काडतुसे बिनबोभाट निघत होती. प्रोग्रेसिव्ह प्रेस आला आणि दर पन्नास-शंभर काडतुसांमागे काहीतरी बिनसू लागले. कधी पावडर हलकी पडते, कधी प्रायमर (ठिणगी देणारी छोटी टोपी) काडतुसाच्या बुडाच्या वर डोकावतो, कधी लांबी दहा थाऊने पुढेमागे होते. (एक थाऊ म्हणजे ०.००१ इंच.) डाय पुन्हा लावली की तासभर ठीक चालते, मग पुन्हा तेच. ही तक्रार इतक्या जणांची असते की तिच्यामागची कारणे आता ठरलेली आहेत.

सिंगल-स्टेजवर एका वेळी एकच काम होते, म्हणून बिघाड दिसतो तिथेच असतो. प्रोग्रेसिव्हवर हँडलच्या एका ओढीत चार-पाच स्टेशनवर चार-पाच कामे होतात आणि त्या सगळ्यांचा दाब एकाच टूलहेडवर (डाय धरणारी वरची पाटी), एकाच शेलप्लेटवर (पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची पितळी कवचे, धरून फिरणारी खालची चकती) येतो. त्यामुळे बिघाड एका स्टेशनवर दिसतो आणि कारण एक-दोन स्टेशन मागे असते. लांबी बदलली म्हणून सीटिंग डाय (पुंगळीत बुलेट बसवणारी) फिरवणे ही सगळ्यात नेहमीची चूक. सीटिंग डाय बहुतेक वेळा निर्दोष असते.

पुढचे सगळे अमेरिकेतल्या वाचकांसाठी आहे. तिथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. विकायची असतील तर टाइप ०६ परवाना लागतो. राज्याचे आणि शहराचे नियम वेगळे असू शकतात, ते आधी पाहा. भारतात शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो. सुट्टीत गावी गेल्यावर हा उद्योग करू नये, आणि एखादी पुंगळी किंवा बुलेट चुकूनही विमानाच्या सामानात जाऊ देऊ नये. पावडर किती ग्रेन घालायची हे इथे कुठेही दिलेले नाही. ते छापील लोड मॅन्युअलमधूनच घ्यायचे.

उदाहरण म्हणून ९ मिमी लुगर आणि डिलन एक्सएल ७५०च्या धर्तीचा, आपोआप फिरणारा पाच स्टेशनचा प्रेस धरला आहे. पहिल्या स्टेशनवर साइझिंग (पुंगळी मूळ मापात आणणे) आणि जुना प्रायमर काढणे, दुसऱ्यावर नवा प्रायमर आणि पावडर, तिसऱ्यावर पावडर-चेक (पावडर पडली का ते तपासणे), चौथ्यावर बुलेट, पाचव्यावर क्रिंप (पुंगळीचे तोंड बुलेटवर आवळणे). आरएल ५५० असेल तर स्टेशन चार आणि शेलप्लेट हाताने फिरवायची. तिथे काय वेगळे ते ओघात येईल.

आधी दोन गोष्टी, मग डायला हात

पहिली, हँडलची ओढ. हँडल खाली पूर्ण टेकेपर्यंत आणि परत जाताना पूर्ण मागे, शेवटी प्रायमर बसल्याचा दाब हाताला जाणवेपर्यंत ढकलायचे. सिंगल-स्टेजवर ओढ पाव इंच अपुरी राहिली तरी फारसे बिघडत नाही, तीच सवय इथे येते. खाली ओढ अपुरी राहिली की पावडर-बार (पावडरचे माप भरून टाकणारी सरकती पट्टी) पूर्ण सरकत नाही, परत जाताना राहिली की तो पूर्ण परतत नाही आणि प्रायमरही वर राहतो. म्हणजे हलकी पावडर आणि उंच प्रायमर एकाच खेपेत मिळत असतील तर बहुधा यंत्राचा दोष नाही, हाताचा आहे.

दुसरी, शेलप्लेटचा बोल्ट. तो घट्ट होईपर्यंत आवळा, मग प्लेट हाताने सहज फिरेल इतकाच मागे घ्या (साधारण एक अष्टमांश फेरा, कधी त्याहून कमी) आणि बाजूचा छोटा सेट-स्क्रू अ‍ॅलन कीने आवळा. हा सेट-स्क्रू विसरला जातो. मग दोन-तीनशे ओढींत बोल्ट हळूहळू सैल होतो, प्लेट एका बाजूला उचलली जाते आणि प्रायमर ठोकला जाताना पुंगळी वर सरकते. सकाळी ठीक आणि दुपारी बिघडलेले, अशी तक्रार असेल तर आधी इथे पाहा. बोट प्लेटच्या कडेवर ठेवून वर-खाली हलवा; खडखडाट जाणवला तर निदान झाले.

बाकावरही एक नजर टाका. प्रेस बाकाला आरपार बोल्टने बसवलेला हवा, लाकडात नुसते स्क्रू पुरत नाहीत. बाक भिंतीतल्या लाकडी खांबांना जोडला की निम्मी थरथर जाते. थरथर का महत्त्वाची, हे पावडरच्या भागात कळेल.

पावडर कमी-जास्त पडते

वजन कसे करता इथून सुरुवात करा, कारण कितीतरी वेळा पावडर बरोबर पडत असते आणि काटा चुकत असतो. डिजिटल काटा अर्धा तास आधी चालू करा, एसीचा किंवा पंख्याचा झोत त्यावर येऊ देऊ नका, आणि हातात एक चेक-वेट (नेमके वजन ठाऊक असलेला तुकडा) ठेवा जे पावडरच्या वजनाच्या आसपासचे असेल. पन्नास ग्रॅमचे वजन बरोबर दाखवणारा काटा चार-पाच ग्रेनला बरोबर असेलच असे नाही. एक ग्रेन म्हणजे फक्त ०.०६४८ ग्रॅम.

मग दोन प्रकारे मोजा. दहा माप एकत्र तोलून दहाने भागा, त्यातून सरासरी कळते. पण सरासरी फसवी असते: एक माप जड आणि एक हलके पडले तरी बेरीज सुबक येते. म्हणून लगेच पाच मापे एकेक करून तोला. सरासरी बरोबर पण एकेक माप दोन-तीन दशांश ग्रेनने इकडेतिकडे, म्हणजे पावडर नीट वाहत नाही. एकेक माप एकमेकांशी जुळते पण सगळीच हलकी, म्हणजे बारची सेटिंग किंवा ओढ. या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, मिसळू नका.

तोलताना पुंगळी कोणती वापरता हेही पाहा. साइझ न केलेली पुंगळी फनेलवर नीट बसत नाही आणि माप वेगळे पडते. डिकॅपिंग पिन (जुना प्रायमर बाहेर ढकलणारी) काढून एक पुंगळी साइझ करा, जुना प्रायमर तसाच राहू द्या. तिच्यातून पावडर गळत नाही आणि तीच पुंगळी काट्यावर टेअर करून (काटा शून्यावर आणून) पुन्हापुन्हा वापरता येते. दर वेळी वेगळी पुंगळी टेअर न करता तोलली तर तुम्ही पितळेच्या वजनातला फरक मोजत असता.

आता वाहण्याबद्दल. बारीक गोल दाण्याची पावडर पाण्यासारखी वाहते, मोठ्या चकत्यांची पावडर मापाच्या तोंडाशी कमान धरते. सिंगल-स्टेजवर तुम्ही दर मापाला हँडल एकाच लयीत टकटक करत होता, म्हणून चकत्याही चालत होत्या. प्रोग्रेसिव्हवर ती लय जाते. चकत्यांच्या पावडरीशी महिनोन्‌महिने झगडण्यापेक्षा मॅन्युअलमध्ये त्याच बुलेटसाठी दिलेली गोल दाण्याची पावडर घेणे स्वस्त पडते, आणि तिचा लोड (पावडरचे प्रमाण) अगदी खालच्या आकड्यापासून पुन्हा बांधायचा. जुन्या पावडरीचा आकडा नव्या पावडरीला कधीही लागू नाही.

हॉपर (पावडरची टाकी) भरल्यावर पहिली दहा मापे परत बाटलीत टाका, तोपर्यंत पावडर दबून स्थिर होते. पातळी एक तृतीयांशाखाली जाऊ देऊ नका. आत बॅफल (आडवी पट्टी) नसेल तर बसवा. त्याने वरच्या पावडरीचे वजन सरळ मापावर येत नाही. इथेच बाकाची थरथर आडवी येते: डुलणाऱ्या बाकावर पावडर जास्त दबते आणि माप हळूहळू जड होत जाते. अ‍ॅरिझोना, कोलोराडोसारख्या कोरड्या हवेत हिवाळ्यात प्लॅस्टिकच्या हॉपरला दाणे चिकटलेले दिसले तर स्थिर वीज आहे; कपड्यांच्या ड्रायरमध्ये टाकतात त्या वापरलेल्या शीटने हॉपर आतून पुसून घ्या.

सगळी मापे हलकी असतील तर पावडर-डायची उंची पाहा. रॅम (शेलप्लेट वर-खाली नेणारा दांडा) पूर्ण वर असताना बार अगदी शेवटपर्यंत सरकला पाहिजे. टॉर्च लावून बघा. एक-दीड मिलिमीटर अंतर उरले तर डाय थोडी खाली घ्या. पण हीच डाय पुंगळीचे तोंडही उमलवते, त्यामुळे डाय खाली गेली की तोंड जास्त उघडते. दोन्ही एकत्र साधावे लागते आणि पहिल्या दिवशी यातच वेळ जातो. तोंड किती उघडायचे? बुलेट हाताने ठेवल्यावर सरळ उभी राहील आणि बसताना तिच्या अंगाची साल निघणार नाही, एवढेच.

बारचा परतीचा प्रवास तो मागे ओढणाऱ्या फेलसेफ दांड्यावर अवलंबून असतो. त्याच्या टोकाचा विंग-नट फार सैल असला तर बार पूर्ण परतत नाही आणि पुढचे माप अर्धवट भरते. फार आवळला तर दांडा वाकतो. मशिन थांबवून, रॅम पूर्ण खाली असताना बार बोटाने मागे ढकलून बघा. तो जरासाही हलला तर नट थोडा आवळा.

दुप्पट पावडर ही खरी भीती. आपोआप फिरणाऱ्या प्रेसवर ती सहसा अडथळा सोडवताना पडते: काहीतरी अडकले, शेलप्लेट हाताने मागे फिरवली, आणि भरलेली पुंगळी पुन्हा पावडरखाली गेली. आरएल ५५०वर प्लेट फिरवायचे विसरले की तेच. स्प्रिंगवर परतणाऱ्या मापात तर अर्धी ओढ दोनदा दिली तरी पुरते. यावर उपाय दोन, आणि दोन्ही करावेत. पुंगळी निम्म्याहून जास्त भरेल अशी पावडर निवडा, म्हणजे दुप्पट पडली तर ती ओसंडून प्लेटवर सांडते. कमी जागा व्यापणारी पावडर एका बाटलीत जास्त काडतुसे देते खरी, पण ९ मिमीत तिचे दुप्पट माप पुंगळीत मुकाट मावते. ही काटकसर नवशिक्याने करू नये. आणि तिसऱ्या स्टेशनवर बझर देणारी पावडर-चेक डाय किंवा प्रेस थांबवणारी लॉक-आउट डाय लावा. या दोन्ही दुप्पट आणि शून्य पकडतात, दोन दशांश ग्रेनचा फरक पकडत नाहीत. टूलहेडखाली एलईडी दिवा लावून बुलेट ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावायचे, हे सुटत नाही.

शून्य पावडरही तितकीच वाईट. नुसत्या प्रायमरने बुलेट बंदुकीच्या नळीत अर्ध्यात अडकते आणि पुढची गोळी झाडली की नळी फुगते. रेंजवर फुसका आवाज आला की तिथेच थांबा, बंदूक रिकामी करा आणि नळी आरपार बघा.

प्रायमर उंच, आडवा किंवा गायब

नीट बसलेला प्रायमर बुडाच्या पातळीच्या तीन ते पाच थाऊ खाली असतो. मोजायला वेळ नसेल तर बोटाचे टोक बुडावरून फिरवा. खळगा लागला पाहिजे. किंवा काडतुसे काचेच्या तुकड्यावर उभी करा, उंच प्रायमरचे काडतूस डुगडुगते. पहिल्या शंभरांत प्रत्येक काडतूस असे पाहावे.

ओढ आणि शेलप्लेट आधीच तपासली असेल तर पुढचा संशयित पुंगळीच. लष्करी पुंगळ्यांत प्रायमरभोवती पितळ चेपलेले असते. बुडावर वर्तुळातल्या अधिकचिन्हासारखी नाटोची खूण असेल तर चेपणी आहे असे धरून चाला. ती स्वेज करून (दाबून) किंवा रीमरने (खरवडून) काढल्याशिवाय नवा प्रायमर शिरताना चुरगळतो. सिंगल-स्टेजवर अशी पुंगळी हाताला लगेच कळायची. इथे त्याच क्षणी पहिल्या स्टेशनवर साइझिंग सुरू नसले तरी प्लेट, केस-फीडर (पुंगळ्या पुरवणारा भाग), इंडेक्स (प्लेटचे फिरणे) यांचा इतका गोंधळ हाताला येतो की सूक्ष्म अडथळा हरवतो. म्हणून नेहमीपेक्षा जास्त दाब लागला तर थांबायचे. जोर लावून प्रायमर बसवणे हा या छंदातला सगळ्यात मूर्ख धाडसाचा प्रकार आहे: प्रायमर फुटू शकतो, आणि शेजारी शंभर प्रायमरची नळी उभी असते. त्या नळीभोवतीचे पोलादी आवरण कधीही काढून काम करू नका. डोळ्यांवर चष्मा पहिल्या ओढीपासून. अडकलेला प्रायमर तारेने किंवा सळईने टोचायचा नाही. नळी उतरवा, बाकीचे प्रायमर पसरट ताटात काढा, मग यंत्रणा सोडवा.

४५ एसीपी भरत असाल तर मोठ्या आणि लहान प्रायमरच्या पुंगळ्या आधी वेगळ्या करा. दोन्ही बाजारात आहेत, आणि लहान खळग्यात मोठा प्रायमर ढकलला जाणे हे वरच्या स्फोटाचे ठरलेले निमित्त.

आता एक साखळी बघा, कारण ती फार जणांना चकवते. प्रायमर बसवणाऱ्या पंचाखाली पावडरचे दोन-चार दाणे पडतात. मग प्रत्येक प्रायमरच्या तोंडावर एकाच जागी, एकाच आकाराचा बारीक खड्डा उमटतो आणि प्रायमर दोन थाऊ वर राहतो. लोक पंच बदलतात. दाणे आले कुठून? एखाद्या पुंगळीला प्रायमर मिळालाच नाही, तिच्या तळाच्या भोकातून पावडर गळली. किंवा प्लेट झटक्याने फिरली आणि भरलेल्या पुंगळीतून दाणे उडाले. पहिल्याचे उत्तर प्रायमर-स्लाइड (प्रायमर नळीतून पंचापर्यंत नेणारी पट्टी) आणि नळीचे टोक स्वच्छ करणे. नळीचे प्लॅस्टिकचे टोक झिजते, एखादे जादा जवळ असावे. दुसऱ्याचे उत्तर प्लेटखालच्या इंडेक्स-बॉलच्या (प्लेट जागेवर पकडणाऱ्या गोळीच्या) स्प्रिंगमध्ये: स्प्रिंग कमी जोराची केली की झटका मऊ होतो. अर्धा वेढा कापायचा, एका वेळी त्याहून जास्त नाही, आणि मूळ स्प्रिंग राखून ठेवायची. काठोकाठ भरणाऱ्या पावडरीच्या लोडला हा बदल विशेष लागतो. दर शंभर प्रायमरला थांबून मऊ ब्रशने प्लेट झाडली तर ही साखळी सुरूच होत नाही; नळी भरायला तसेही थांबावेच लागते.

आडवा किंवा उलटा प्रायमर बहुतेक वेळा नळी भरतानाच उलटा गेलेला असतो. भरण्याआधी ताटात एखादा वेगळा चकाकतो का ते पाहा.

लांबी बदलते

९ मिमीच्या काडतुसाची कमाल लांबी १.१६९ इंच. तुमच्या बुलेटची योग्य लांबी मॅन्युअल आणि तुमची नळी ठरवते: नळी बंदुकीतून काढा, काडतूस आत सोडा, टक्‌ आवाज करून बसले पाहिजे, बोटाने फिरले पाहिजे आणि उलटे केल्यावर आपोआप पडले पाहिजे.

मिश्र छापाच्या पुंगळ्यांत सरासरीच्या पाच थाऊ पुढेमागे, इतका फरक चालायचाच. त्याहून जास्त असेल तर कुठल्या काडतुसांत आहे ते पाहा. पहिली दोन-चार आणि शेवटची दोन-चार वेगळी, मधली सारखी? मग कारण रिकामी स्टेशन. साइझिंगला जोर लागतो आणि तो टूलहेड एका बाजूने किंचित उचलतो. ते स्टेशन रिकामे असले की टूलहेड उचलला जात नाही आणि चौथ्या स्टेशनवर बुलेट जरा जास्त खोल जाते. म्हणून सीटिंग डायची सेटिंग सगळी स्टेशन भरलेली असतानाच करायची. सिंगल-स्टेजवरून आलेला माणूस एकेक पुंगळी फिरवून डाय लावतो आणि प्रत्यक्ष धावपळीत सगळी काडतुसे लांब निघतात, त्याचे कारण हे.

फरक सगळीकडे विखुरलेला असेल तर साइझिंगचा जोरच कमी-जास्त होतो आहे. कार्बाइड डायला वंगण लागत नाही असे म्हणतात आणि ते खरे आहे, पण लॅनोलिन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका फवारा मारून दहा मिनिटे वाळवलेल्या पुंगळ्या इतक्या अलगद चढतात की लांबीतला फरक बघताबघता निम्म्यावर येतो. शिशाच्या बुलेट वापरत असाल तर सीटिंग स्टेम (बुलेटचे नाक दाबणारा भाग) काढून पाहा. आत मेण साचून पापुद्रा धरलेला असतो आणि लांबी दर शंभराला थोडी थोडी घटते. स्टेमचा आकार बुलेटच्या नाकाशी जुळतो का तेही बघा.

९ मिमीच्या पुंगळ्यांच्या ढिगात ३८० एसीपी या दुसऱ्या काडतुसाची पुंगळी शिरते. तिची लांबी ०.६८० इंच, ९ मिमीची ०.७५४पर्यंत, मकारोव्ह काडतुसाची ०.७१३. ३८०च्या पुंगळीचे तोंड उमलत नाही आणि बार पूर्ण सरकत नाही, म्हणून माप हलके पडते. मधूनच एखादे हलके निघण्याचे हे एक कारण, आणि कुठलीही डाय ते सुधारणार नाही. पुंगळ्या आधी छाननीतून काढा. आत पायरी असलेल्या पुंगळ्याही टाकून द्या, त्या पायरीवर तुटतात.

क्रिंपबद्दल थोडेच. ९ मिमीचे काडतूस चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) पुंगळीच्या तोंडावर टेकते, म्हणून टेपर (निमुळती) क्रिंपच, आणि तोही उमललेले तोंड सरळ होण्यापुरता: कॅलिपरवर ०.३७८ ते ०.३८०. जास्त आवळले तर बुलेट घट्ट न होता सैल होते, कारण पितळ परत उसळते आणि मऊ बुलेट दबलेलीच राहते. काडतुसाचे नाक बाकावर अंगठ्याच्या जोराने दाबून लांबी पुन्हा मोजा. घटली तर ते काडतूस बंदुकीत घालायचे नाही. आत सरकलेल्या बुलेटने दाब धोकादायक वाढतो.

काहीही अडकले तर

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या स्टेशनवरच्या पुंगळ्या बाहेर काढा, पावडर ओतून टाका, मगच अडथळा सोडवा. काढलेली पुंगळी पुन्हा पावडरखाली ठेवायची नाही. ती वेगळ्या डब्यात जाते. शंका आलेले प्रत्येक काडतूस पुलरने (बुलेट ओढून काढणाऱ्या हत्याराने) उघडा. बाकावर एका वेळी पावडरची एकच बाटली असावी आणि काम संपल्यावर हॉपर त्याच बाटलीत रिकामा करावा. नायट्रोग्लिसरीन असलेली पावडर रात्रभर ठेवली तर प्लॅस्टिकचा हॉपर डागाळतो, आणि दुसऱ्या दिवशी आत कोणती पावडर आहे हे खात्रीने सांगता येत नाही.

घरातल्या साठ्यासाठी एनएफपीए ४९५ची (अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेच्या स्फोटकांविषयीच्या नियमसंचाची) मर्यादा लक्षात ठेवा: मूळ डब्यांत २० पौंड पावडर, त्यापुढे ५० पौंडांपर्यंत एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत, आणि प्रायमर १०,०००. प्रोग्रेसिव्ह आला की घाऊक खरेदीचा मोह होतो, आणि ही मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर गाठली जाते. प्रायमर त्यांच्या मूळ खोक्यांतच ठेवा, काचेच्या बरणीत सुटे भरू नका. उघडलेल्या काडतुसांतली ओळख न पटणारी पावडर हॉपरमध्ये परत जात नाही. ती अंगणातल्या गवतावर पातळ पसरून टाकतात.